घरकुलाच्या जागेसाठी ग्रामपंचायतीला कर्ज द्या, फेड अनुदानातून करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणची सुमारे २० लाख मंजुरीपत्रे वाटली गेली. ज्यांच्या नावे जागा होती त्यांनी पायवे खोदले. ज्यांच्या नावे वीतभरही जागा नाही त्यांची मंजुरी ‘भूमिहीन’ असा शेरा घेऊन पंचायत समितीत पडून राहते. रमाई, शबरी, मोदी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या राज्याच्या घरकुल योजनांचेही तेच. जागा नाही म्हणून जिओ टॅगिंग (जागेचा ठिकाणाच्या नोंदीसह फोटो) नाही आणि जिओ टॅगिंग नाही म्हणून हप्ता नाही. केंद्राच्या योजनेचा चालू टप्पा २०२८-२९ पर्यंत आहे. तोवर जागा मिळाली नाही तर त्या मंजुरीपत्राला रद्दीचा भाव.

शासनाने जागेसाठी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ३० डिसेंबर २०१५ च्या निर्णयाने पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजार रुपये किंवा जागेची किंमत, यातील कमी असेल ती रक्कम त्यात मिळायची. आता ही मर्यादा १ लाखावर नेली आहे. रक्कम वाढली हे चांगलेच झाले. अडचण रकमेत नाही, ती कोणाच्या हाती आणि कोणत्या टप्प्यावर पडते त्यात आहे. मजुरी करणाऱ्या एकेका माणसाला आम्ही सांगतो की तू जागा शोध, मालकाला राजी कर, मोजणी कर, रजिस्ट्री कर, मग पुढचे बघू. हे काम ग्रामपंचायतीने एकदाच, सगळ्यांसाठी मिळून करायचे आहे. त्यासाठी तिला आधी पैसा लागेल आणि तो कर्ज म्हणून देता येतो. या पत्रात तेवढेच मांडायचे आहे.

हिशेबापासून सुरुवात करू. ५०० फुटांना १ लाख म्हणजे फुटाला २०० रुपये. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. या दराने एकराचे होतात ८७ लाख १२ हजार. तालुक्याच्या रस्त्यापासून आत असलेल्या कोरडवाहू गावात एकराला एवढे कोण देतो? समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळची आणि मोठ्या शहरांना लागून असलेली गावे सोडून द्या, तिथला हिशेब निराळा. पण बाकी गावांत शासन किरकोळीच्या भावाने जमीन घ्यायला तयार आहे, आणि तरीही जमीन मिळत नाही. कारण शेताच्या मधोमध ५०० फूट कोणी कापून देत नाही. दिलेच तर धुऱ्याकडचा नडलेला कोपरा देतो, जिथे बैलगाडी वळत नाही आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते.

तोच एकर ग्रामपंचायतीने अख्खा घेतला असे धरा. आकार १३२ बाय ३३० फूट. त्यात २० फुटांचे दोन लांब रस्ते आणि ३० फूट खोलीच्या तीन रांगा बसतात. प्रत्येक प्लॉट २६ बाय ३०, म्हणजे ७८० चौरस फूट. एका रांगेत १२ प्रमाणे ३६ प्लॉट पडतात आणि आडव्या बोळासाठी १८ फूट उरतात. दहा टक्के खुल्या जागेपोटी सहा प्लॉट सोडले की हाती ३०. जमीन एकरी १२ लाखांना पडली तर प्लॉटमागे ४० हजार झाले. ३० जणांचे अनुदान कमाल मर्यादेने धरले तर ३० लाख, त्यातून जमिनीचे १२ वजा जाता १८ लाख उरतात. त्यात मोजणी, रजिस्ट्री, सपाटीकरण, मुरूम-खडीचे रस्ते, नाल्या आणि विजेचे खांब यांचा मोठा भाग निघतो. पाण्याची पाइपलाइन दुसऱ्या योजनेतून घ्यावी, तिचा भार यावर टाकू नये. गावात लाभार्थी आठच असतील तर याच प्रमाणाने ११ गुंठे पुरतात.

७८० फूट का, ५०० का नाही? योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. भिंती धरून बाहेरचे माप साधारण १८ बाय साडेअठरा होते. ५०० फुटांचा प्लॉट २० बाय २५ चा असेल तर रुंदीत दोन फूट आणि खोलीत साडेसहा फूट शिल्लक. त्या साडेसहा फुटांत संडास आणि दोन शोषखड्डे बसवायचे. एक खड्डा आतून मीटरभर, विटा धरून चार फूट. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर हवे. ओळीने मांडले तर नकाशावर बसतात. पण खड्डे पायव्याला जेमतेम दोन फुटांवर येतात, आणि काळ्या जमिनीत तिथे मुरलेले पाणी पायव्याखालीच जाते. शिवाय न्हाणी, सरपण, चार शेळ्या, त्यांचे कुटार (भुसकट), सायकल यांना जागाच राहत नाही. मग ते सारे रस्त्यावर येते आणि दोन वर्षांत २० फुटांच्या रस्त्याचे १० फूट उरतात. २६ बाय ३० मध्ये समोर तीन फूट सोडून मागे साडेआठ फुटांची सांदवाडी मिळते, आणि घर एका बाजूला सरकवले तर बाजूने शेळ्या मागे नेण्याएवढी वाट राहते.

आता एकट्या माणसाच्या खरेदीत घोडे कुठे अडते ते पाहू. बहुतेक वेळा ते सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात अडते, आणि इसार देऊन झाल्यावरच तो रकाना वाचला जातो. विदर्भात सेवा सहकारी संस्थेचा किंवा बँकेचा बोजा नसलेला सातबारा शोधावा लागतो. पीककर्ज थकीत असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र मिळत नाही, आणि ५०० फूट विकून येणाऱ्या पैशांत ते कर्ज फिटतही नाही. दुसरी अडचण वारसांची. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, वारस फेरफार झालेला नाही, दोन आत्या नागपूरला आणि एक चुलता सुरतला. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या होईपर्यंत विक्रेत्याचे मन बदलते. तिसरी अडचण भोगवटादार वर्ग-२ ची. भूदानाची, सिलिंगची, शासनाने वाटलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधने आहेत. मेळघाट, गडचिरोली, यवतमाळच्या काही भागांत तर पेसा या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याखालच्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकूच नये. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनाचा शेरा आडवा येतो. यातली एकही गोष्ट ज्याला जागा हवी आहे त्या मजुराच्या आवाक्यातली नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाच्या, आणि तलाठ्याच्या मात्र आहे. दोघांनी एका दुपारी कागद समोर ठेवले तर गावातल्या कोणत्या गटाच्या वाटेला जाऊ नये हे कळते.

तुकडेबंदीची अडचणही होती. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राखालचा तुकडा विकता येत नसे. २०२४ मध्ये नियम सुधारून ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने हस्तांतरणाची वाट मोकळी झाली. निर्णय चांगला आहे. पण प्रत्येकाची स्वतंत्र फाइल जिल्ह्याला जाते आणि प्रत्येक फाइलला मोजणीचा नकाशा लागतो. तीस जणांच्या तीस फाइली आणि तीस मोजण्या. मोजणीनंतर ‘क’ प्रत, मग खरेदीखत, मग फेरफार, मग कमी-जास्त पत्रक. ग्रामपंचायतीने एकत्र घेतली तर बाहेरची हद्द एकदा मोजायची आणि आतले प्लॉट त्याच नकाशात पाडायचे. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक मोजकेच असतात. त्यांचा वेळ वाचवणे हा काही दुय्यम मुद्दा नव्हे.

सरकारी जागा द्या, विकत कशाला घेता, असे हमखास सुचवले जाते. पश्चिम विदर्भात ई-क्लासकडे, म्हणजे गायरानाकडे बोट दाखवतात, पूर्व विदर्भात झुडपी जंगलाकडे, म्हणजे खुरट्या झुडपांच्या सरकारी जमिनीकडे. दोन्हीकडची दारे आता जवळजवळ लागली आहेत. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा आणि नियमित करणे हा केवळ अपवाद समजा, असे तो सांगतो. त्या अपवादात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या पट्ट्यांचा उल्लेख आहे, हे मात्र गावोगावच्या चर्चेत कोणी वाचून दाखवत नाही. संहितेत नंतर घातलेल्या कलम २२-अ ने गुरचरण वळवण्यावर आणखी लगाम आला. झुडपी जंगलाचा प्रश्न तर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने ही जमीन वनच ठरली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिल्या गेलेल्या जागांना केंद्राच्या मान्यतेने वाट आहे, त्यानंतरच्यांची छाननी व्हायची आहे. नव्या घरकुलासाठी झुडपीतून प्लॉट पाडण्याचा विचारही करू नये.

१ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा २०१८ चा शासन निर्णय ज्या गावात नीट राबवला तिथे पुष्कळ घरे मार्गी लागली. नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-आकारणीच्या नोंदवहीत नोंद झाली, पट्टा मिळाला, घरकुल उभे राहिले. पण हा इलाज जो जागेवर बसलेला आहे त्याच्यासाठी. बापाच्या दोन खणांच्या घरात दोन भावांचे संसार आहेत, त्यातल्या धाकट्याने कधी अतिक्रमणही केलेले नाही. त्याला या निर्णयाचा काय उपयोग? आज यादीत भूमिहीन म्हणून अडकलेल्यांत असे विभक्त कुटुंबवालेच फार आहेत. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर गावठाणातल्या घरांची मिळकत पत्रिका निघते, तीही ज्याचे घर आहे त्याच्याच नावाची.

म्हणून कर्जाकडे येतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या नावे जमीन घेता येते आणि कर्जही घेता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३ खाली जिल्हा ग्रामविकास निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत त्यात आपल्या उत्पन्नाच्या पाव टक्का वर्गणी भरते आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना कमी व्याजाने कर्ज देते. बाजारचौकात गाळे काढायला हे कर्ज घेतात, कारण गाळ्याचे भाडे येते आणि हप्ता फिटतो. घरकुलाच्या जमिनीतून भाडे येत नाही, त्यामुळे सरपंच त्या वाटेला जात नाही. दोनशे घरांच्या गावाच्या घरपट्टीतून १२ लाखांचा हप्ता निघणारही नाही. घरपट्टीची वसुली कशी असते हे ज्याने मार्च महिन्यात दारोदार फिरून केली त्यालाच ठाऊक.

पण इथे हप्ता घरपट्टीतून भरायचाच नाही. शासन प्रत्येक भूमिहीन लाभार्थ्यामागे १ लाखापर्यंत देणारच आहे. तोच पैसा थेट या कर्जखात्यात जमा व्हावा. रचना अशी करता येईल. शासनाने जिल्हा ग्रामविकास निधीत ‘घरकुल जमीन’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून त्यात भांडवल टाकावे. भूमिहीनांची ग्रामसभेने वाचून मंजूर केलेली यादी आणि पंचायत समितीचा मंजुरी क्रमांक यांवर ग्रामपंचायतीला कर्ज मिळावे. कर्जाची कमाल मर्यादा लाभार्थी संख्या गुणिले १ लाख, त्याच्या पुढे एक रुपया नाही. पहिला टप्पा इसाराचा, किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत. दुसरा खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर विक्रेत्याच्या खात्यात. तिसरा सपाटीकरण आणि रस्त्यांसाठी, प्लॉटच्या कोपऱ्यांचे दगड रोवल्यावर. प्लॉट वाटून जोत्याचे जिओ टॅगिंग झाले की त्या लाभार्थ्याचे १ लाख अनुदान कर्जखात्यात वळते व्हावे. पहिल्या दोन वर्षांचे व्याज शासनाने सोसावे. तीसपैकी २७ जोती झाली की २७ लाख फिटले. उरलेल्या तिघांची जबाबदारी ग्रामपंचायतीची, म्हणजे ती त्यांच्या मागे लागेल किंवा पुढच्या यादीतल्यांना ते प्लॉट देईल. व्याजाचा भार शासनाने उचलणे ही काही नवी गोष्ट नव्हे. राजीव गांधी ग्रामीण निवारा योजना क्रमांक २ मध्ये लाभार्थ्याच्या बँक कर्जाचे व्याज शासनच भरत असे.

थेट अनुदानच का नको, कर्जाचा खटाटोप कशाला? अनुदान मिळाले की जमीन घेऊन टाकतात आणि घरे होवोत न होवोत, उपयोगिता प्रमाणपत्र जाते. कर्जखाते उघडे राहिले की दर वर्षीच्या लेखापरीक्षणात विचारले जाते, जमीन घेतली, घरे कुठे? उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. आयर्लंडमध्ये स्थानिक संस्थांनी सामाजिक घरांसाठी कर्जावर जमिनी घेतल्या. २००८ च्या मंदीत बांधकाम थांबले, जमिनी पडून राहिल्या आणि व्याज चढत गेले. सरकारला २०१० मध्ये खास योजना काढून त्यातल्या काही जमिनी कर्जासह उचलाव्या लागल्या, आणि २०१३ मध्ये ती योजनाही बंद झाली. म्हणूनच कर्ज मंजूर लाभार्थ्यांच्या संख्येला बांधलेले हवे. ‘पुढे लागेल म्हणून’ पाच एकर घेण्याची मुभा नको.

जमीन सरपंचाच्या मेव्हण्याची घेतली जाईल ही शंका सगळ्यांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. ग्रामपंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्रता येते, पण नातेवाइकांच्या नावे व्यवहार फिरवणे अवघड नसते. भाव ठरवण्याची पद्धतच उघडी ठेवावी. गावठाणालगतच्या किमान तीन मालकांकडून लेखी दर घ्यावेत. शेजारच्या गटांची गेल्या दोन-तीन वर्षांतली खरेदीखते इंडेक्स टू वरून, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या सूचीवरून काढावीत. शीघ्रसिद्ध गणकाचा (रेडी रेकनरचा) सरकारी दर सोबत जोडावा. आणि हे तीन कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत. प्लॉट ईश्वरचिठ्ठीने द्यावेत, अपंगांना आणि एकट्या म्हाताऱ्यांना रस्त्याकडचे आधी. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असावा.

जमीन निवडताना सर्वांत जास्त नुकसान मातीकडे दुर्लक्ष केल्याने होते. जुनी गावे पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर बसली आहेत, नवा प्लॉट मात्र बहुधा काळ्या मातीच्या शेतात पडतो. वैशाखात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आषाढात ती फुगते. तिच्यावर दोन-अडीच फुटांचा पायवा घेतला तर पहिल्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. मुरूम लागेपर्यंत खाली जावेच लागते. त्याचा खर्च मोजून घ्या. १८ बाय साडेअठराच्या घराच्या बाहेरच्या भिंती ७३ फूट, मधली १८, एकूण ९१ फूट चर. दोन फूट रुंदीच्या चराची खोली एक फुटाने वाढली की १८२ घनफूट, म्हणजे १.८ ब्रास खोदकाम आणि तेवढेच भरण वाढते. तीन फूट जास्त खाली जावे लागले तर साडेपाच ब्रास दगड जमिनीत गाडला जातो. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार, राज्याची अलीकडची भर वेगळी. यातला मोठा तुकडा जोत्यातच संपला तर लेंटलवर काम थांबणार. घरकुलाला ५ ब्रास वाळू फुकट आहे, ती घाटावरून आणायचे ट्रॅक्टरभाडे फुकट नाही, हे ओघात सांगून टाकतो.

म्हणून दर मागवण्याआधी प्रत्येक गटात तीन ठिकाणी तीन फूट रुंद, पाच फूट खोल खड्डे घ्यावेत. मुरूम चार फुटांच्या आत लागला तर जमीन घेण्याजोगी. त्याच खड्ड्यात घागरभर नाही, चांगले पाच-सहा बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहावे. तसेच साचलेले दिसले तर शोषखड्डे तिथे चालणार नाहीत, सांडपाण्याची नाली लागेल. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात उलटा प्रकार असतो. खड्डा कोरडा दिसतो, पण बोडी (लहान तळे) भरली की पाणी जमिनीतून वर येते. तिथे जमीन श्रावणातच पाहावी. वर्धा, वैनगंगा, पैनगंगेच्या काठच्या गावांत पूररेषा आधी, भाव नंतर.

जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत मिळाली तर संहितेच्या कलम ४२-ड चा फायदा मिळतो. अशी जमीन निवासी वापरासाठी मानीव अकृषिक, म्हणजे शेतीची राहिली नाही असे धरली जाते. घरकुलासाठी ग्रामपंचायतीने घेतलेल्या जमिनीला अकृषिक आकारणी माफ करावी. अभिन्यास (प्लॉट पाडण्याचा आराखडा) मंजुरीत महिने जातात, त्यासाठी नगररचना विभागाने ११ गुंठे, २० गुंठे आणि एक एकर असे तीन नमुना आराखडे आगाऊ मंजूर करून द्यावेत. ग्रामपंचायतीने फक्त गट क्रमांक आणि चतुःसीमा भराव्यात.

२०० मीटरच्या आत असण्याचे आणखी एक कारण आहे, ते कायद्याच्या पुस्तकात नाही. घरकुलाची वस्ती गावापासून अर्धा मैल दूर, नाल्यापलीकडे काढली की तिला वेगळे नाव पडते आणि ते नाव कायम चिकटते. मग तिथे लाइनमन उशिरा जातो, टँकर शेवटी जातो, अंगणवाडी मिळतच नाही. स्वस्त मिळाली म्हणून दूरची जमीन घेणे हा खोटा फायदा. एकरी चार लाख जास्त गेले तरी प्लॉटमागे तेरा-साडेतेरा हजारच वाढतात, आणि ते १ लाखाच्या मर्यादेत सहज बसतात.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या आमदारांनी या लेखाशीर्षाची मागणी करावी. सहा पूर्वेकडच्या जिल्ह्यांत झुडपीचा निकाल लागल्यावर तर आधी तिथेच प्रयोग करून पाहावा. शासन निर्णयाची वाट न पाहता ग्रामपंचायतींना करण्यासारखे थोडे आहे ते असे. भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचून ठराव घ्यावा. तलाठ्याकडून गावठाणालगतच्या गटांचे सातबारे आणि आठ-अ काढून बोजा, वारस, वर्ग-२ आणि शेरे तपासावेत, आणि अडचणीचे गट आधीच बाद करावेत. दर मागवणे फेब्रुवारीत सुरू करावे. तूर निघालेली असते, शेत मोकळे असते, मोजणीदाराला हद्दी दिसतात आणि लग्नसराईमुळे विकणाऱ्याला पैशांची गरजही असते. जूनची पेरणी झाली की पीक निघेपर्यंत कोणी ताबा देत नाही आणि वर्ष वाया जाते.

आपले,
ग्रामपंचायत, भूमापन व घरकुल बांधकामाच्या कामातील काही जण,
वर्धा जिल्हा